उत्तर अटलांटिक, ४-५ जानेवारी १९८९ : अधिविष्ट आघाडीच्या उभ्या रचनेचा प्रकरण अभ्यास

४ जानेवारी १९८९ रोजी, ग्रिनिच वेळेनुसार दिवस सुरू होताना, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याबाहेर गल्फ प्रवाहाच्या उबदार पाण्यावर एक कमी दाबाचे केंद्र होते आणि त्यातील दाब सुमारे ९९६ हेक्टोपास्कल होता. हिवाळ्यात या भागात असे आवर्त, म्हणजे कमी दाबाच्या केंद्राभोवती वारे फिरणारी वादळे, नेहमीच तयार होतात. चोवीस तासांनी हेच केंद्र ईशान्येकडे खुल्या समुद्रावर पोचले तेव्हा त्यातील दाब सुमारे ९३६ हेक्टोपास्कलपर्यंत उतरला होता. आवर्त स्फोटक वेगाने खोल होत आहे असे म्हणण्यासाठी ६० अंश अक्षांशावर चोवीस तासांत २४ हेक्टोपास्कल घट ही कसोटी मानतात आणि अक्षांशाच्या ज्येच्या (साइनच्या) प्रमाणात ती कमी करतात. ४० अंशांवर हा उंबरठा सुमारे १८ हेक्टोपास्कल येतो. म्हणजे या आवर्ताची घट उंबरठ्याच्या तिपटीहून अधिक होती. घट मोजण्याच्या या एककाला टोर बर्जेरॉन या हवामानशास्त्रज्ञाचे नाव दिलेले आहे, आणि अधिविष्ट आघाडीची कल्पनाही १९१९ मध्ये त्यानेच प्रथम मांडली. आघाडी म्हणजे थंड आणि उबदार हवेमधली सीमा; आवर्तातली उबदार हवा जमिनीवरून उचलली जाऊन दोन थंड वायुराशी एकमेकींना भिडल्या की होते ती अधिविष्ट आघाडी. प्रस्तुत प्रकरणात या दोन्ही गोष्टी एकत्र येतात.

हे आवर्त अभ्यासासाठी निवडण्याचे कारण मात्र त्याची तीव्रता नाही. १९८८-८९ च्या हिवाळ्यात वायव्य अटलांटिकवर ‘एरिका’ नावाचा मोठा निरीक्षण प्रयोग चालू होता आणि हे आवर्त त्याच्या चौथ्या सखोल निरीक्षण कालावधीत सापडले. उपकरणांनी सज्ज विमाने आघाड्यांमधून आणि केंद्रातून आरपार गेली, वरून ड्रॉपसाँड (खाली पडताना हवेच्या नोंदी पाठवणारी उपकरणे) सोडले गेले, आणि त्यामुळे ज्या रचनेविषयी सत्तर वर्षे प्रामुख्याने जमिनीवरच्या नोंदींवरून अनुमान बांधले जात होते, तिचा उभा छेद थेट मोजता आला. उबदार हवा केंद्रापासून तुटते तेव्हा आघाडीची उभी रचना खरोखर कशी असते, एवढाच प्रश्न या अभ्यासात घेतला आहे.

नेहमीचे चित्र आणि त्यातील अडचण

नॉर्वेतील बर्गेन येथे याकोब ब्यर्कनेस, हाल्वोर सोल्बर्ग आणि बर्जेरॉन या हवामानशास्त्रज्ञांनी मांडलेले चित्र बहुतेकांच्या परिचयाचे आहे. आवर्ताच्या पुढे उष्ण आघाडी, मागे शीत आघाडी आणि दोहोंमध्ये उबदार हवेची पाचर असते. शीत आघाडी वेगवान असल्याने ती उष्ण आघाडीला गाठते, मधली उबदार हवा जमिनीवरून उचलली जाते, आणि दोन थंड वायुराशी जेथे एकमेकींना भिडतात तेथे अधिविष्ट आघाडी तयार होते. नकाशावर ती जांभळ्या रेषेने, एकाआड एक त्रिकोण आणि अर्धवर्तुळे काढून दाखवतात. मागची हवा पुढच्या हवेपेक्षा अधिक थंड असेल तर ती पुढच्या हवेखाली शिरते आणि शीत प्रकारची अधिविष्ट आघाडी होते. मागची हवा कमी थंड असेल तर ती पुढच्या हवेवर चढते आणि उष्ण प्रकारची होते, असा नियम त्याला जोडून शिकवला जातो.

हा नियम जमिनीवरच्या तापमानावर आधारलेला आहे, आणि नेमकी तीच त्याची कमकुवत बाजू आहे. आघाडी वरच्या दिशेने कोणीकडे झुकेल हे केवळ तळाशी किती अंश आहेत यावर ठरत नाही. उंचीबरोबर तापमान कसे बदलते, म्हणजे दोन्ही बाजूंची हवा उभ्या दिशेने किती स्थिर आहे, यावर ते ठरते. यासाठी साध्या तापमानाऐवजी विभव तापमान पाहावे लागते. हवेचा एखादा पुंज उष्णता न देता-घेता १००० हेक्टोपास्कलच्या पातळीवर आणला तर त्याचे जे तापमान होईल, ते त्याचे विभव तापमान. त्यामुळे वेगवेगळ्या उंचीवरच्या हवेची तुलना एकाच मापाने करता येते.

समजुतीसाठी घेतलेल्या आकड्यांनी हे तपासून पाहू. पृष्ठभागावर आघाडीच्या पुढच्या हवेचे विभव तापमान २७८ केल्विन आणि मागच्या हवेचे २७६ केल्विन आहे असे धरू. मागची हवा अधिक थंड असल्यामुळे जुना नियम शीत प्रकार सांगेल. आता वर जाऊ. पुढे उष्ण आघाडीचा पट्टा आहे आणि असा पट्टा फार स्थिर असतो, कारण तळाच्या थंड हवेवर तिरकस उबदार हवा पसरलेली असते. पहिल्या दीड किलोमीटरमध्ये तेथे विभव तापमान १२ केल्विनने वाढते असे मानू. मागची हवा तळाकडून तापून घुसळलेली आहे, म्हणून तेथे तेवढ्याच उंचीत वाढ फक्त ३ केल्विन आहे. दीड किलोमीटरवर पुढे २९० आणि मागे २७९ केल्विन झाले. तळाशी २ केल्विनचा असलेला फरक वर ११ केल्विनचा झाला, आणि त्या उंचीवर सर्वांत उबदार हवेचा अक्ष पृष्ठभागावरच्या रेषेच्या पुढे, उष्ण आघाडीच्या डोक्यावर सरकला. ही रचना उष्ण प्रकारची झाली. तळाच्या तापमानाने दिलेला निर्णय स्थिरतेने उलटवला.

उष्ण आघाडीचा पट्टा शीत आघाडीमागच्या हवेपेक्षा अधिक स्थिर असणे ही नित्याची स्थिती आहे. म्हणूनच प्रत्यक्ष मोजमापांतून काढलेल्या उभ्या छेदांत उष्ण प्रकार पुन्हा पुन्हा भेटतो आणि शीत प्रकाराची निःसंदिग्ध उदाहरणे फारच थोडी सापडतात. दोन्ही प्रकार एकाच मापाच्या आकृत्यांनी शेजारी शेजारी दाखवण्याची पद्धत त्यामुळे दिशाभूल करणारी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. विद्यार्थी दोहोंना सारखेच संभाव्य समजतो आणि छेद वाचण्याआधीच तळाच्या तापमानावरून निकाल देऊन मोकळा होतो.

उष्ण प्रकारात वर उचलली गेलेली उबदार हवा एका लांबट, तिरकस जिभेसारखी केंद्राकडे आणि त्याच्या मागच्या बाजूला वळत जाते. कॅनडातील हवामान विश्लेषकांनी विसाव्या शतकाच्या मध्यात या वरच्या उबदार द्रोणीला ‘ट्रोवाल’ हे नाव देऊन नकाशावर तिची स्वतंत्र रेषा काढायला सुरुवात केली. पृष्ठभागावरची अधिविष्ट आघाडी आणि वरचा ट्रोवाल यांच्यात बरेच आडवे अंतर असू शकते, आणि जोरदार पाऊस किंवा हिमवृष्टी बहुधा ट्रोवालच्या आसपास होते. पावसाचा पट्टा पृष्ठभागावरच्या रेषेला चिकटवून ठेवणारा अंदाज यामुळे चुकतो.

४ जानेवारीला काय घडले

एरिकातील निरीक्षणांनी एक वेगळाच क्रम दाखवला. आरंभी शीत आणि उष्ण आघाडी मिळून एक सलग रेषा होती आणि कमी दाबाचे केंद्र तिच्या वाकणावर होते. केंद्र खोल होऊ लागले तसा केंद्राजवळचा शीत आघाडीचा तापमान-उतार क्षीण होत गेला, आणि शीत आघाडी उष्ण आघाडीपासून तुटून तिच्याशी जवळजवळ काटकोनात पूर्वेकडे सरकू लागली. ती उष्ण आघाडीला गाठू शकली नाही. दोघींमधले कोपऱ्यातले टोकच विरून गेले. दुसरीकडे उष्ण आघाडी केंद्राच्या उत्तरेकडून पश्चिमेकडे, तेथून दक्षिणेकडे वळत गेली आणि शेवटी तिने केंद्राला वेढा घातला. या वेढ्यात आजूबाजूच्या ध्रुवीय हवेच्या तुलनेने उबदार अशी हवा अडकली. हाच तो बंदिस्त उबदार गाभा. मेल्विन शापिरो आणि डॅनियल कायझर यांनी १९९० मध्ये सागरी आवर्तांसाठी जे चार टप्प्यांचे प्रतिमान मांडले, त्यातील सलग आघाडी, तुटलेली आघाडी, मागे वळलेली आघाडी आणि बंदिस्त गाभा हे चारही टप्पे या एकाच आवर्तात एका दिवसात ओळखता आले.

गाभ्यातील हवा उबदार पाचरीतून थेट आलेली नव्हती, ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे. उबदार पाचरीतली सर्वांत उष्ण आणि दमट हवा उष्ण आघाडीवरून चढून वर निघून गेली होती. गाभ्यात अडकलेली हवा बरीचशी आघाडीच्या पट्ट्यातीलच होती. ती उबदार ठरली ती भोवतीच्या अतिथंड हवेशी तुलना करता.

शीत आघाडी का विरली, याचे एक कारण समुद्रात आहे. खंडावरून येणारी गोठणबिंदूखालची हवा गल्फ प्रवाहावर आली की तिच्यात आणि पाण्यात प्रचंड फरक असतो. अशा वेळी समुद्रातून हवेत जाणारी उष्णता, जाणवणारी आणि बाष्पातली मिळून, दर चौरस मीटरला हजार वॅटच्याही वर जाते. मागची थंड हवा खालून तापली की आघाडीच्या दोन बाजूंमधला फरक तळाजवळ पुसट होतो. परंतु सगळे श्रेय समुद्राला देणे योग्य नाही. याच आवर्ताचे, उष्णतेची देवाणघेवाण वगळून केलेले संगणकी प्रतिरूप अभ्यासले गेले तेव्हा आवर्त तितके तीव्र झाले नाही, तरी मागे वळलेली आघाडी आणि बंदिस्त गाभा ही रूपरेषा त्यातही उमटली. म्हणजे मूळ घडण वाऱ्यांच्या गतिशास्त्रातून येते: केंद्राभोवती फिरणारा वारा तापमानाची तरंगाकृती गुंडाळतो, एका ठिकाणी समतापरेषा (समान तापमानाच्या रेषा) दाटीने आणतो आणि दुसऱ्या ठिकाणी विरळ करतो. समुद्राची उष्णता त्या घडणीला बळ देते.

गाभ्याचा उभा छेद

आता केंद्रातून जाणारा छेद पाहू. बाहेरून केंद्राकडे येताना खालच्या थरात आधी थंड हवा आणि वेगवान वारा लागतो, मग अरुंद आघाडीचा पट्टा येतो आणि तो ओलांडला की तापमान वाढते व वारा मंदावतो. थंड हवा बाहेर असल्याने आघाडीचे पृष्ठ उंचीबरोबर बाहेरच्या दिशेने कलते. म्हणजे गाभा तळाशी अरुंद आणि वर रुंद असतो. हा तीव्र फरक मुख्यतः तपांबराच्या (वातावरणाच्या सर्वांत खालच्या थराच्या) खालच्या भागातला, साधारण ७०० हेक्टोपास्कलच्या खालचा आहे. नेहमीच्या अधिविष्ट आघाडीच्या छेदाशी तुलना केली तर भेद ठळक होतो: तेथे उबदार हवा जमिनीपासून सुटून वर लटकलेली असते आणि केंद्राच्या तळाशी थंड हवा असते, येथे उबदार हवा समुद्राच्या पृष्ठभागापर्यंत टेकलेली आहे.

तापमानातील आडव्या फरकाचा वाऱ्याच्या उंचीबरोबरच्या बदलाशी संबंध सांगणाऱ्या औष्णिक वाऱ्याच्या नियमानुसार, गाभा उबदार असेल तर केंद्राभोवतीचा वारा उंचीबरोबर कमी होत जातो. त्यामुळे मागे वळलेल्या आघाडीच्या थंड बाजूला, समुद्रापासून अगदी थोड्या उंचीवर, घर्षणाचा थर संपतो तेथे वाऱ्याचा कमाल पट्टा मिळतो. समुद्रावरील जहाजांच्या दृष्टीने ही सर्वांत धोक्याची जागा असते, आणि ती शीत आघाडीजवळ नसून केंद्राच्या पश्चिमेला व नैर्ऋत्येला असते.

आघाडीचा उतार किती असावा, हेही साध्या गणिताने पडताळता येते. सरळ रेषेतल्या आघाडीसाठी उताराचे मूल्य म्हणजे कोरिऑलिस गुणांक (पृथ्वीच्या फिरण्याचा, अक्षांशानुसार बदलणारा परिणाम), तापमान आणि वाऱ्यातील फरक यांचा गुणाकार, भागिले गुरुत्व आणि तापमानातील फरक यांचा गुणाकार. अक्षांश ४१ अंश, सरासरी तापमान २८० केल्विन, वाऱ्यातील फरक सेकंदाला २० मीटर आणि तापमानातील फरक ८ केल्विन धरला तर उतार सुमारे १४६ ला १ येतो, म्हणजे ३ किलोमीटर उंची गाठायला आघाडीला जवळजवळ ४४० किलोमीटर आडवे जावे लागेल. असा मंद उतार असता, तर काही शे किलोमीटरच्या गाभ्याला भिंती आहेत असे म्हणण्यात अर्थच उरला नसता. पण केंद्राभोवती वारा वर्तुळात फिरतो, आणि मग कोरिऑलिस गुणांकात सरासरी वाऱ्याच्या दुपटीला त्रिज्येने भागून येणारी संख्या मिळवावी लागते. वारा सेकंदाला ३० मीटर आणि त्रिज्या १५० किलोमीटर घेतली तर ही बेरीज मूळ गुणांकाच्या पाचपटीहून किंचित जास्त होते, आणि उतार सुमारे २८ ला १ एवढा होतो. आता ३ किलोमीटर उंचीसाठी ८५ किलोमीटरच्या आसपास आडवे अंतर पुरते. हे आकडे उदाहरणाचे आहेत, त्या दिवशीच्या नोंदी नव्हेत. तरी तीव्र आवर्ताच्या मध्याजवळ आघाडी इतकी उभी आणि इतकी अरुंद का राहू शकते, हे त्यांतून नीट कळते.

उबदार गाभा पाहिल्यावर दाबातली प्रचंड घट त्यामुळेच झाली, असे वाटणे स्वाभाविक आहे. तेही मोजून घ्यावे. ९३६ ते ७०० हेक्टोपास्कल या थराची जाडी सरासरी तापमानाच्या दर केल्विनमागे सुमारे साडेआठ मीटरने बदलते. हा थर भोवतालपेक्षा ५ केल्विन उबदार आहे असे धरले तर जाडीतला फरक साधारण ४२ मीटर होतो, आणि त्या पातळीवर पावणेनऊ मीटरला एक हेक्टोपास्कल या हिशेबाने दाबावर त्याचा परिणाम जेमतेम ५ हेक्टोपास्कल होतो. साठाची घट यातून निघत नाही. तिचा मोठा भाग वरच्या थरांतून येतो: वरच्या द्रोणीपुढची (उंचावरच्या कमी दाबाच्या लांबट पट्ट्यापुढची) हवेची फाकण, बाष्पाचे ढग होताना सुटणारी सुप्त उष्णता, आणि तपस्तब्धी (तपांबर व त्यावरचे स्थितांबर यांमधली सीमा) खाली झुकल्यामुळे केंद्रावर आलेली स्थितांबरातील, तिच्या उंचीच्या मानाने उबदार, हवा. खालचा गाभा वाऱ्याची मांडणी ठरवतो. दाबाच्या हिशेबात त्याचा वाटा मर्यादित आहे. छेद ७०० हेक्टोपास्कलवर थांबवला तर हा निष्कर्ष कधीच हाती लागणार नाही, म्हणून आघाडी उथळ असली तरी छेद तपस्तब्धीच्या वरपर्यंत न्यावा.

असा छेद एका स्थानकाच्या नोंदींवरून काढता आला असता का? बऱ्याचदा बलूनच्या क्रमाने आलेल्या नोंदी वेळेच्या अक्षावर मांडतात आणि आवर्त ठरावीक वेगाने पुढे सरकते असे धरून वेळेचे अंतरात रूपांतर करतात. बलून दर बारा तासांनी सुटतो; आवर्त ताशी ५० किलोमीटर वेगाने जात असेल तर दोन नोंदींमध्ये ६०० किलोमीटर निघून जातात, आणि २०० किलोमीटरचा गाभा चार तासांत डोक्यावरून जातो. तो दोन बलूनांच्या मधल्या फटीत पूर्णपणे हरवू शकतो. शिवाय या पद्धतीत रचना बदलत नाही असे गृहीत असते, आणि दिवसात साठ हेक्टोपास्कल उतरणाऱ्या आवर्तात तीन तासांपूर्वीची आघाडीदेखील जशीच्या तशी राहत नाही. मंद, प्रौढ आवर्तासाठी ही पद्धत चालते, या आवर्तासाठी चालणार नाही. संतृप्त हवेच्या पट्ट्यात तर साधे विभव तापमानही अपुरे पडते, कारण संघननाची उष्णता ते वाढवते; तेथे बाष्पाचा हिशेब धरणारे समतुल्य विभव तापमान काढले की उबदार हवेचा अक्ष स्वच्छ दिसतो.

नकाशावर काय काढावे

शीत आघाडीने उष्ण आघाडीला गाठले नाही, म्हणून या प्रकरणात अधिवेशनच, म्हणजे आघाडी अधिविष्ट होण्याची क्रियाच, झाली नाही, असे एक मत आहे. मला ते पुरते पटत नाही. गाठण्याची शर्यत हीच मुळात अधिवेशनाची अपुरी व्याख्या आहे. अधिविष्ट आघाड्या हजार किलोमीटरहूनही लांब वाढलेल्या आढळतात, आणि दोन आघाड्यांच्या वेगातील फरकाने एवढ्या वेळात एवढी लांबी जमत नाही. फिरणाऱ्या वाऱ्याने ताणून, गुंडाळून मात्र ती सहज जमते. उबदार हवा केंद्रापासून वेगळी होणे आणि दोघांमध्ये गुंडाळलेला तापमानाचा पट्टा लांबत जाणे हीच अधिवेशनाची मूळ क्रिया मानली, तर बर्गेनचे चित्र आणि शापिरो-कायझर यांचे चित्र एकाच प्रक्रियेची दोन फळे ठरतात. केंद्राजवळची शीत आघाडी बळकट राहिली तर वर लटकलेली जीभ मिळते. ती तुटली तर तळापर्यंत पोचलेला बंदिस्त गाभा मिळतो. आवर्त अधिविष्ट झाले म्हणजे त्याची वाढ संपली, हा समजही याच कारणाने सोडावा लागतो, कारण गुंडाळणे चालू असताना वरची द्रोणी आणि सुप्त उष्णता आपले काम करीतच असतात.

तरीही ५ जानेवारीच्या आरंभीच्या नकाशावर मी केंद्रापर्यंत जांभळी रेषा काढणार नाही. ती रेषा वाचणारा लगेच तळाशी थंड हवा आणि वर लटकलेली उबदार जीभ गृहीत धरेल, आणि येथील छेद त्याच्या उलट आहे. उष्ण आघाडी केंद्राच्या उत्तरेकडून पश्चिमेला व पुढे दक्षिणेला वळवून सलग काढावी. शीत आघाडी तिच्यापासून सुटी, पूर्वेला काटकोनात दाखवावी. दोघींमधली मोकळी जागा मोकळीच ठेवावी. आणि वाऱ्याचा इशारा मागे वळलेल्या टोकाच्या बाहेरच्या, थंड बाजूला लिहावा.